बोटीने मकाव : एका दिवसाच्या जोडसहलीचे विवेचन

मोठ्या प्रवासात एक दिवस मोकळा काढायचा, मुक्कामाचे हॉटेल आणि सामान जागेवर ठेवायचे, बोटीने शेजारच्या शहरी जायचे आणि रात्री परत यायचे, तेही टूर कंपनीच्या मदतीशिवाय. अशा प्रवासाला या लेखात जोडसहल म्हटले आहे. ती लहान असते म्हणून तिची आखणी सोपी, असे बहुतेकांना वाटते. माझे मत उलट आहे. दहा दिवसांच्या प्रवासात दोन तास वाया गेले तर फारसे बिघडत नाही. एका दिवसाच्या प्रवासात तेच दोन तास गेले तर सहलीचा गाभाच जातो. लहान प्रवासात चुकीला जागा कमी उरते, म्हणून त्याचा विचार अधिक काटेकोर करावा लागतो.

विवेचनासाठी हाँगकाँगहून मकावला जाण्याचे उदाहरण घेतो. महाराष्ट्रातून ग्रुप टूरने हाँगकाँगला जाणारे अनेक जण असतात आणि कार्यक्रमात बहुधा एखादा दिवस ‘खरेदीसाठी मोकळा’ म्हणून ठेवलेला असतो. दोन्ही शहरे आज चीनच्या सार्वभौमत्वाखाली आहेत. हाँगकाँग १ जुलै १९९७ पासून, मकाव २० डिसेंबर १९९९ पासून. तरीही दोघांचे इमिग्रेशन वेगळे, चलन वेगळे, कायदा वेगळा. शिवाय मकावचे गोव्याशी जुने आणि खरे नाते आहे. मराठी आणि कोंकणी माणसासाठी ही सहल इतर पर्यटकांपेक्षा जास्त अर्थपूर्ण ठरू शकते ती त्यामुळेच.

वेळ कसा मोजावा

हाँगकाँग आणि मकाव यांच्यामध्ये पर्ल नदीचे विस्तीर्ण मुख पसरलेले आहे. अंतर सुमारे ६० किलोमीटर, जलद बोटीला लागणारा वेळ साधारण एक तास. म्हणून मकाव ‘एका तासावर’ आहे, असे लोक धरून चालतात. हा समज आधी सोडावा. मुंबईकराला भाऊच्या धक्क्यावर किंवा गेटवेला जाऊन तिकीट काढायचे आणि मांडव्याच्या बोटीत बसायचे, ही सवय असते. तिथे बोटीचा वेळ हाच बहुतांशी प्रवासाचा वेळ असतो. मकावच्या बोटीला दोन्ही टोकांना पासपोर्ट तपासणी आहे, आणि तिचा वेळ तिकिटावर छापलेला नसतो.

समजा मुक्काम कौलूनच्या त्सिम शा त्सुई भागात आहे. तिथून मेट्रोने शुंग वान स्थानक गाठायला, गाडी बदलणे धरून, अर्धा ते पाऊण तास लागतो. मुख्य बोट टर्मिनल याच स्थानकाला लागून असलेल्या शुन टाक सेंटर या इमारतीत आहे. बोट सुटण्याच्या पाऊण तास आधी तिथे पोहोचावे, कारण हाँगकाँगमधून बाहेर पडण्याची तपासणी तिथेच होते. मग बोटीचा एक तास. मकावला उतरल्यावर प्रवेशाची रांग, गर्दी नसेल तर वीस-पंचवीस मिनिटे. तिथून बस किंवा टॅक्सीने जुन्या शहराच्या मध्यापर्यंत आणखी वीस मिनिटे. हॉटेलच्या दारापासून मकावच्या सेनाडो चौकापर्यंत तीन तास धरावेत. परतीलाही तेवढेच.

सकाळी आठला निघून रात्री दहाला परतायचे म्हटले तर दिवस चौदा तासांचा. सहा तास येण्याजाण्यात जातात. जेवण, चहा, बसून घेतलेली विश्रांती यांना दोन तास द्यावेत. शहर पाहायला सहा तास उरतात. ‘मकावमध्ये काय काय पाहायचे’ या प्रश्नाचे उत्तर या सहा तासांत बसवायचे आहे. लोक आधी स्थळांची यादी करतात आणि मग वेळ ओढूनताणून तिला पुरवतात. आखणी बिघडते ती इथेच.

यातून जोडसहलीचा पहिला नियम निघतो. आखणी परतीपासून सुरू करावी आणि उलटी मागे न्यावी. जाण्याची बोट चुकली तर दिवसातला एखादा तास जातो. परतीची चुकली तर रात्र जाते, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी विमान असेल तर त्याहून बरेच काही जाते. दोन्ही बाजूंचे नुकसान सारखे नाही, म्हणून दोन्ही बाजूंची सावधगिरीही सारखी असू नये. जाताना थोडी जोखीम चालेल, परतताना नाही. संध्याकाळनंतर ज्या फेऱ्या असतील त्यांतली शेवटची आपली मानू नये. तिच्या आधीची एखादी आपली मानावी आणि तिच्या मागे निदान दोन फेऱ्या शिल्लक आहेत याची खात्री करावी. रात्री फेऱ्या विरळ होतात आणि भाडेही चढते, शनिवार-रविवारीही ते जास्त असते. त्या दिवसाचे वेळापत्रक कंपनीकडून ताजे पाहून घ्यावे. जुन्या प्रवासवर्णनातल्या वेळांवर विसंबू नये.

परतीचे तिकीट आगाऊ काढताना मनाला वाटते त्यापेक्षा थोडे उशिराचे काढावे. नंतरच्या फेरीचे तिकीट असलेल्या प्रवाशाला जागा असेल तर आधीच्या बोटीत प्रतीक्षारांगेतून घेण्याची पद्धत आहे. चुकलेल्या फेरीच्या तिकिटाचे मात्र सहसा काही होत नाही.

याच तर्काने, जोडसहल मोठ्या प्रवासाच्या शेवटच्या दिवशी कधीही ठेवू नये. मधला दिवस उत्तम. पहिलाही टाळावा, कारण शरीर अजून भारतीय वेळेवर असते. तिथले घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे आहे आणि सकाळी लवकर उठणे जड जाते.

कागद

बोट समुद्र ओलांडते तशी सरहद्दही ओलांडते. भारतीय पासपोर्टधारकाला हाँगकाँगमध्ये १४ दिवसांपर्यंत व्हिसाशिवाय राहता येते, पण जानेवारी २०१७ पासून त्यासाठी आधी ऑनलाइन प्री-अरायव्हल रजिस्ट्रेशन करावे लागते. त्याला शुल्क नाही. नोंदणी सहा महिने चालते, मध्ये पासपोर्टची मुदत संपत असेल तर तेवढीच, आणि त्या काळात तिच्यावर अनेकदा प्रवेश करता येतो. मकावमध्ये भारतीयांना ३० दिवसांपर्यंत व्हिसा लागत नाही. नियम बदलू शकतात, म्हणून निघण्याआधी दोन्हीकडच्या सरकारी संकेतस्थळांवर ताडून पाहावे.

खरी अडचण कागद नसण्याची क्वचित असते, तो जवळ नसण्याची असते. मकावला जाणे म्हणजे हाँगकाँग सोडणे आणि संध्याकाळी परतणे म्हणजे हाँगकाँगमध्ये नव्याने प्रवेश करणे. रजिस्ट्रेशनचा छापील कागद विमानतळावर एकदा दाखवला की काम झाले, असे समजून तो हॉटेलच्या बॅगेत राहतो. ग्रुप टूरमध्ये तर सगळ्यांचे कागद टूर मॅनेजरच्या फाइलमध्ये असतात. जो एकटा किंवा कुटुंबासह मकावला जाणार आहे त्याने पासपोर्ट, रजिस्ट्रेशनचा कागद, परतीच्या विमानाचे तिकीट आणि हॉटेलचे बुकिंग एवढे आदल्या रात्रीच आपल्या हातात घ्यावे. टूर मॅनेजरला आपला बेत आणि परतीची वेळ सांगावी; ती परवानगी मागणे नव्हे, सोबत्यांची काळजी घेणे आहे.

ज्यांच्या टूरमध्ये चीनची मुख्यभूमीही आहे त्यांनी आणखी एक गोष्ट पाहावी. मुख्यभूमीचा व्हिसा एकाच प्रवेशाचा असेल तर तिथून हाँगकाँग किंवा मकावला आल्यावर तो संपतो, पुन्हा आत जाता येत नाही. सामूहिक व्हिसावर आलेल्यांना गटापासून वेगळे होण्याची मोकळीक नसते. अशा प्रवाशांनी हौसेखातर प्रयोग करू नये. प्रवासविम्यात मकावचे नाव आहे का आणि मोबाइलच्या रोमिंग पॅकमध्ये मकाव हाँगकाँगपेक्षा वेगळे धरले आहे का, ही दोन लहान तपासण्या घरूनच उरकाव्यात.

बोट आणि समुद्र

या मार्गावर १९७५ मध्ये बोइंग कंपनीच्या जेटफॉइल बोटी आल्या आणि प्रवासाचे स्वरूप बदलले. बोटीच्या तळाशी पाण्यात बुडालेले पंख असतात. वेग वाढला की पंखांवरचा उचल देणारा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि बोटीचे संपूर्ण शरीर पाण्याबाहेर उचलले जाते. पाण्याला घासणारा भाग उरतो तो फक्त पंखांचा, म्हणून ताशी ८० किलोमीटरच्या आसपास वेग गाठता येतो आणि लहान लाटांचे हेलकावे अंगाला फारसे जाणवत नाहीत. या मार्गावर दोन जुळ्या तळांच्या कॅटामरान बोटीही धावतात. त्या पाण्यावर टेकून चालतात, म्हणून खवळलेल्या दिवशी जास्त हलतात.

बोटीच्या प्रवासाची ज्यांना हौस आहे त्यांना एक गोष्ट आधी सांगायला हवी. वेगामुळे प्रवाशांना बाहेरच्या डेकवर उभे राहता येत नाही. बंद खिडक्यांच्या, वातानुकूलित दालनात आपल्या जागेवर बसून जावे लागते. समुद्राचा वारा हवा असेल तर तो हाँगकाँगच्या बंदरातल्या स्टार फेरीवर घ्यावा. ज्यांना बोट लागते त्यांनी खालच्या मजल्यावर, बोटीच्या मध्याजवळची जागा मागावी. तिथे हालचाल सर्वांत कमी असते. मळमळीची गोळी घ्यायची तर बोट सुटण्याआधी घ्यावी, त्रास सुरू झाल्यावर तिचा उपयोग थोडा होतो. पोट अगदी रिकामे ठेवू नये.

हवामानाचा प्रश्न याहून गंभीर आहे. मे ते नोव्हेंबर हा तिथला वादळांचा हंगाम. हाँगकाँगची वेधशाळा १, ३, ८, ९ आणि १० असे इशारे देते आणि ८ क्रमांकाचा इशारा लागला की बोटी थांबतात. आकड्यांमध्ये ३ नंतर एकदम ८ येतो, हे नवख्या माणसाने ध्यानात घ्यावे. ३ म्हणजे अजून बरेच टप्पे बाकी आहेत असा अर्थ होत नाही. ८ चा इशारा लावण्याआधी, दोन तासांच्या आत तो लागेल अशी पूर्वसूचना वेधशाळा देते. मकावमध्ये फिरत असताना ही सूचना आली तर जे चालले असेल ते सोडून धक्का गाठावा, कारण त्याच वेळी इतर हजारो लोकही तिकडेच निघालेले असतात. ऑगस्ट २०१७ मधल्या हातो वादळाने मकावमध्ये १० माणसांचा बळी घेतला होता. त्या समुद्राला गृहीत धरू नये. वसंतात, साधारण फेब्रुवारी ते एप्रिल, नदीमुखावर दाट धुके पडते आणि बोटी उशिरा धावतात. ऑक्टोबरचा उत्तरार्ध ते डिसेंबर हा काळ मला सर्वांत योग्य वाटतो. त्यातही नोव्हेंबरच्या मध्यावर मकाव ग्रां प्री ही मोटारशर्यत असते. तिचा मार्ग शहराच्या रस्त्यांवरून, बोटीच्या टर्मिनलजवळून जातो आणि त्या दिवसांत रस्ते बंद असतात. ते दिवस, चिनी नववर्ष आणि ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यातली चिनी सुट्टी टाळावी.

कोणता धक्का

मकावमध्ये बोटी दोन ठिकाणी लागतात. आउटर हार्बर टर्मिनल मकावच्या द्वीपकल्पावर, जुन्या शहराच्या पूर्वेला आहे. ताइपा टर्मिनल दक्षिणेच्या बेटावर, विमानतळाशेजारी, कोताई भागातल्या मोठ्या कॅसिनो-हॉटेलांच्या जवळ आहे. तिकीट काढताना लोक वेळ आणि भाडे पाहतात, धक्क्याचे नाव पाहत नाहीत. ज्याला जुने शहर पाहायचे आहे तो ताइपाला उतरला तर पूल ओलांडून यावे लागते आणि सहापैकी अर्धा-पाऊण तास विनाकारण जातो.

जुने शहर आणि कोताई हे दोन्ही एका दिवसात करू नये, असे माझे ठाम मत आहे. कोताईचे महत्त्व मी नाकारत नाही. जुगाराच्या उत्पन्नात मकावने २००६ मध्ये लास व्हेगासला मागे टाकले, आणि तो झगमगाट हा आजच्या मकावचा खरा चेहरा आहे. पण सहा तासांत दोन चेहरे पाहायला गेलेला माणूस दोन्ही ठिकाणी फक्त छायाचित्रे काढतो.

सहा तासांचा धागा

यादीऐवजी एक धागा घ्यावा आणि त्यात जेवढे ओवले जाईल तेवढेच पाहावे. आपल्यासाठी तो धागा गोव्याचा आहे.

पोर्तुगीजांनी १५१० मध्ये गोवा घेतला आणि पूर्वेकडच्या त्यांच्या सगळ्या कारभाराची राजधानी तिथे केली. मकावमध्ये त्यांची वसाहत १५५७ च्या सुमारास स्थिरावली. तेव्हापासून १८४४ पर्यंत मकावचा कारभार गोव्याच्या अधिकाराखाली चालत होता. मांडवीच्या काठावर निघालेले हुकूम मलाक्काच्या वाटेने या धक्क्यावर पोहोचत. धर्मसत्तेचे सूत्रही तेच होते. मकावचे बिशपपद १५७६ मध्ये निर्माण झाले ते गोव्याच्या आर्चबिशपच्या अधिकाराखाली. हे माहीत असलेला माणूस मकावच्या रस्त्यांवर वेगळ्या नजरेने चालतो. निळ्या-पांढऱ्या टाइल्सवरच्या रस्त्यांच्या पाट्या, पिवळ्या-गेरू भिंतींच्या वास्तू, मिझेरिकॉर्दियाची धर्मादाय संस्था यांत त्याला पणजीच्या फोंतेन्यासची आणि जुन्या गोव्याची ओळख पटत जाते.

मकावचे ऐतिहासिक केंद्र २००५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेले. त्यातली बहुतेक ठिकाणे दक्षिण-उत्तर अशा एका ओळीत, पायी जाण्याच्या अंतरात आहेत. इथे परतीपासून मागे येण्याचा नियम पुन्हा उपयोगी पडतो. चालणे धक्क्याकडे सरकत जाणारे असावे. म्हणून उतरल्यावर बस किंवा टॅक्सीने आधी सर्वांत दूरचे टोक, नैर्ऋत्येचे आ-मा मंदिर, गाठावे. समुद्रदेवतेचे हे देऊळ पोर्तुगीज येण्याआधीपासूनच्या मकावचे आहे. तिथून उत्तरेकडे चालू लागले की जवळच मूरिश बॅरॅक्स लागतात. १८७४ मध्ये बांधलेली, कमानींच्या लांब व्हरांड्याची ही इमारत मकावच्या पोलीस दलाला बळ देण्यासाठी गोव्याहून आणलेल्या भारतीय शिपायांसाठी होती. आत सरकारी कार्यालय आहे, पाहता येतो तो व्हरांडा. बहुतेक पर्यटक एक दृष्टी टाकून पुढे जातात. आपण थोडे थांबावे. ही माणसे आपल्या किनाऱ्यावरून इतक्या दूर चाकरीला आली होती, आणि या शहरात त्यांच्या राहण्याची खूण एवढीच ठळक उरली आहे.

पुढे लिलाऊ चौक, मंदारिन हाउस हा चिनी वाडा, सेंट लॉरेन्स चर्च आणि मग सेंट जोसेफ सेमिनरीचे चर्च. सेंट फ्रान्सिस झेवियरच्या हाताचे अस्थी-अवशेष इथे ठेवले आहेत. झेवियर १५५२ मध्ये मकावच्या नैर्ऋत्येच्या शांगचुआन बेटावर वारला. त्याचे शरीर जुन्या गोव्यात बॉम जेझू बॅसिलिकात आहे. ज्यांनी गोव्यातली ती पेटी पाहिली आहे त्यांच्यासाठी हे लहान, शांत चर्च या दिवसाचे केंद्र ठरेल. त्याला अर्धा तास द्यावा, मग पुढचे एखादे ठिकाण सुटले तरी चालेल.

त्यानंतर सेनाडो चौकातली लाटांच्या नक्षीची फरसबंदी, सेंट डॉमिनिक चर्च आणि पायऱ्यांच्या वर सेंट पॉलचे अवशेष. १६४० मध्ये पूर्ण झालेल्या या चर्चचा दर्शनी भाग जपानमधून हद्दपार झालेल्या ख्रिस्ती कारागिरांनी आणि स्थानिक चिनी कारागिरांनी घडवला. त्यावर चिनी अक्षरेही कोरलेली आहेत. १८३५ च्या आगीत चर्च जळाले, दर्शनी भिंत उभी राहिली. त्याला लागूनच जेझुइटांचे १५९४ मध्ये स्थापन झालेले सेंट पॉल कॉलेज होते. गोव्यातल्या सेंट पॉल कॉलेजचीही आज एक कमानच उरली आहे. एकाच संघाने, एकाच संताच्या नावाने उभारलेल्या दोन विद्यापीठांची दोन दारे, दोन समुद्रांच्या काठी. मकावला जाण्याचे याहून सबळ कारण मला सांगता येणार नाही.

पाय चालत असतील तर शेजारच्या मॉन्टे किल्ल्यावर जावे, किंवा पूर्वेकडच्या गिया टेकडीवर, जिथे १८६५ चा दीपस्तंभ आहे. गिया टेकडीपासून आउटर हार्बर टर्मिनल जवळ पडते, म्हणून आखणीच्या दृष्टीने ती सरस. ज्येष्ठ मंडळी बरोबर असतील तर दोन्ही सोडावे. मकावचे रस्ते दगडी, चढउताराचे आहेत आणि गुडघ्यांची शक्ती परतीच्या रांगेसाठीही राखून ठेवावी लागते.

जेवणासाठी मकावी पद्धतीचे एखादे हॉटेल निवडावे. गोव्यातली थरांची बेबिंका आणि मकावची नारळाच्या दुधाची, एकजीव बेबिंका एकाच घराण्याच्या आहेत. शाकाहारी माणसाची अडचण होते, हे मान्य करावे. बरोबर थोडा कोरडा खाऊ ठेवावा आणि पोर्तुगीज पद्धतीच्या अंड्याच्या टार्टचा बेत असेल तर घरच्यांना अंडे चालते का, हे निघण्यापूर्वी विचारून घ्यावे.

पैसे

मकावचे चलन पटाका. १०० हाँगकाँग डॉलरला १०३ पटाका असा अधिकृत दर आहे, पण दुकानांत हाँगकाँग डॉलर सरळ एकास एक घेतात. एका दिवसासाठी चलन बदलून घेण्यात अर्थ नाही. तीन टक्क्यांचा तोटा त्या खटपटीपेक्षा स्वस्त आहे. उलट बाजू मात्र बंद आहे. हाँगकाँगमध्ये पटाका सहसा कोणी घेत नाही, म्हणून सुटे म्हणून हातात आलेले पटाका मकावमध्येच संपवावेत. बसमध्ये सुटे परत मिळत नाहीत, लहान नाणी जवळ ठेवावीत.

पर्यायी वाट

ऑक्टोबर २०१८ मध्ये हाँगकाँग, झुहाई आणि मकाव यांना जोडणारा ५५ किलोमीटरचा पूल सुरू झाला. त्यावरून दिवसरात्र बस धावते. सुरुवातीचे दिवसाचे भाडे ६५ हाँगकाँग डॉलर, म्हणजे बोटीपेक्षा बरेच कमी होते. मग बोट कशाला, असा प्रश्न येतो. बस हाँगकाँगच्या बाजूला विमानतळाजवळ सोडते, शहराच्या मध्यात नाही. तिथून हॉटेल गाठेपर्यंत बोटीने वाचलेला वेळ बसने गमावलेला असतो. विमानतळाजवळ मुक्काम असणाऱ्यांनी मात्र पूलच निवडावा.

इतरांसाठी पूल ही राखीव वाट. धुक्याने बोटी रखडल्या किंवा शेवटची फेरी गेली तरी रात्री बसने परतता येते. मोठ्या वादळात मात्र पूलही बंद होऊ शकतो, तेव्हा मकावमध्येच छप्पर शोधावे. बसची चौकी मकावच्या ईशान्य टोकाला आहे. तिचे आणि हाँगकाँगमधल्या आपल्या हॉटेलचे नाव चिनी अक्षरांत लिहिलेली चिठ्ठी सकाळीच हॉटेलच्या काउंटरवरून करून घ्यावी, कारण रात्री अकराला टॅक्सीवाल्याला इंग्रजी नाव सांगून उपयोग होईलच असे नाही.